टाकीचा दाखला

लोखंडाला थंडी बाधते. आपल्याकडं हे कुणी सांगत नाही, कारण आपल्याकडं थंडी म्हणजे पौषातले चार दिवस आणि शेकोटीची वाळकी काटकं. लोखंड तापतं, गंजतं, झिजतं, वाकतं, हे लोहाराच्या पोरालाही ठाऊक. तेच लोखंड थंडीनं काचेगत फुटतं, हे मात्र पुस्तकात राहिलं. आणि पुस्तकं कुणाच्या कपाटात राहतात ते मी नव्यानं सांगायला नको.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका प्रोसेस गिरणीत युटिलिटी खात्यात हेल्पर आहे. गिरणीचं नाव लिहीत नाही. आमच्या खात्यात बॉयलर, कॉम्प्रेसर, पाण्याचे पंप आणि अमोनियाचा चिलिंग प्लांट. कापड मर्सराइझ करायला कॉस्टिक थंड लागतं, पंधरा-अठरा अंशांच्या आसपास. कॉस्टिक कापडाशी भिडलं की तापतं, म्हणून ते सारखं गार करत राहावं लागतं. त्यासाठी अमोनिया. वास आला की डोळ्यांतून पाणी काढणारा, नाक जाळणारा. त्याच्याशी माझी तीन वर्षांची ओळख. शिक्षण दहावी. बाकी जे काय आलं ते रद्दीतून किलोवर आणलेल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतून, डिक्शनरी मांडीवर ठेवून. कविता लिहितो तशीच ही पुस्तकं वाचतो. रात्रपाळीला, कॉम्प्रेसरच्या आवाजात.

दाबाखालच्या टाक्यांविषयी आमच्याकडं एकच देव: प्रेशर गेज. काटा लाल रेघेच्या अलीकडं आहे ना, मग झालं. साहेब तोच बघतो, फिटर तोच बघतो, मीही तोच बघत आलो. कायदाही तोच बघत आला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३१ व्या कलमात लिहिलं होतं की, सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये म्हणून परिणामकारक उपाय करावेत. दाब. थंडीचा शब्द त्या ओळीत नव्हता. पण किती दाब सुरक्षित, हे लोखंड किती गार आहे त्यावर ठरतं. हेच मला या लेखात सांगायचं आहे. सांगायचं कारण शेवटी येईल.

आधी लोखंडाचं बघू. इथं लोखंड म्हणजे पोलाद, प्लेट, ज्याच्या टाक्या होतात ते. त्याच्या आत कणांच्या रांगा असतात. ओढ बसली की उबेत या रांगा एकमेकींवरून घसरतात. ते घसरणं म्हणजे लवणं. लवणारी वस्तू तुटायच्या आधी ताणते, फुगते, कुरकुरते, माणसाला पळायला वेळ देते. थंडीत रांगा अडकतात. मग ओढ कुठं जाणार? जिथं आधीच बारीक तड असेल तिच्या टोकाशी गोळा होते, आणि एका क्षणाला तड पळत सुटते. दाब नेहमीचाच असतो. काटा लाल रेघेच्या अलीकडंच असतो.

हे मापायची रीत फ्रान्सच्या जॉर्ज शार्पीच्या नावानं ओळखली जाते. त्यानं १९०१ साली ती मांडली. दहा मिलिमीटर चौकोनी, पंचावन्न मिलिमीटर लांब तुकडा घ्यायचा. मधोमध दोन मिलिमीटरची खाच पाडायची. लोलकासारखा हातोडा वरून सोडायचा. तुकडा मोडून हातोडा पलीकडं किती वर गेला यावरून मोडायला किती शक्ती खर्च झाली ते कळतं. एकाच प्लेटचे तुकडे वेगवेगळ्या तापमानाला मोडायचे. उबेत मोडलेला तुकडा करडा, तंतुमय, उसाच्या चिपाडासारखा पिंजलेला. थंडीत मोडलेला चकचकीत, खडीसाखरेसारखा कणीदार. कुठल्या अंशाला पहिला दुसऱ्यासारखा होतो ते प्रत्येक पोलादाचं वेगळं. स्टेनलेसच्या ३०४ ला, तांब्याला, ॲल्युमिनियमला ही खोड नाही. साध्या कार्बन पोलादाला आहे. आणि आपल्या भोवतीच्या जुन्या टाक्या साध्या कार्बन पोलादाच्याच आहेत.

जगाला ही अक्कल फुकट आली नाही. १६ जानेवारी १९४३. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला शेनेक्टडी नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभं होतं. समुद्रातली चाचणी नुकतीच झालेली. पाणी शांत. वादळ नाही, टक्कर नाही. मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगलं. त्याच युद्धात घाईघाईनं वेल्डिंग करून सुमारे २७०० लिबर्टी जहाजं बांधली गेली. त्यांतल्या कितीतरी जहाजांना थंड समुद्रात अशाच तडा गेल्या. आधी बोट कुणाकडं गेलं? वेल्डरकडं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईनं तपासून दाखवलं की, मूळ दोष पोलादात होता. त्या थंडीत ते पोलाद ठिसूळ होत होतं. वेल्डिंगचा वाटा होता, नाही असं नाही. रिव्हेट मारलेल्या जहाजात तड एका प्लेटच्या कडेला थांबायची. वेल्ड केलेल्या जहाजात सगळ्या प्लेटा एकच, म्हणून तडेला रस्ता मोकळा. पण वेल्डर हे गुन्हेगार नव्हते.

पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९४४ ला, क्लीव्हलंड शहरात द्रवरूप नैसर्गिक वायूची टाकी फुटली. हा वायू उणे १६० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. टाकीच्या पोलादात निकेल साडेतीन टक्के. एवढ्या थंडीला ते पुरलं नाही. आज अशा टाक्यांना नऊ टक्के निकेलचं पोलाद वापरतात. द्रव रस्त्यावरून वाहिला, गटारात उतरला, वस्तीतल्या घरांच्या तळघरांत शिरला, आणि पेटला. १३० माणसं गेली. टाकी कंपनीची, गल्ली कामगारांची. हा हिशेब कुठल्याही देशात असाच मांडलेला असतो.

आता जुन्या टाक्यांकडं या. अमेरिकेतल्या एएसएमई या संस्थेचा प्रेशर व्हेसलचा कोड जगभर चालतो. त्या कोडात कितीतरी वर्षं असं होतं की, साधं कार्बन पोलाद उणे २९ अंशांपर्यंत शार्पी चाचणी न करता वापरायला हरकत नाही. एक सरसकट आकडा. पोलाद कुठलं, प्लेट किती जाड, याचा विचार नाही. १९८७ च्या पुरवणीत हे बदललं. पोलादांचे चार गट केले, ए, बी, सी, डी. प्रत्येक गटाची एक वक्ररेषा. जाडी वाढली की रेषा वर चढते, म्हणजे टाकीला जास्त ऊब लागते. आणि ए गटातल्या एक इंच जाडीच्या प्लेटला पूर्ण दाब द्यायचा असेल, तर त्या रेषेवरचा आकडा येतो अधिक २० अंश सेल्सियस.

हा आकडा मी तीनदा वाचला. उणे नाही, अधिक वीस. जी प्लेट आदल्या दिवशी उणे २९ पर्यंत चालत होती, तिला पुस्तक आता म्हणत होतं की, पौषातल्या पहाटेसुद्धा जपून. प्लेट तीच होती. माणसाचं ज्ञान बदललं होतं. पण १९८७ च्या आधी बांधलेल्या टाक्या काही विरघळून गेल्या नाहीत. त्या उभ्या आहेत, चालू आहेत, विकल्या जातात, विकत घेतल्या जातात.

आमच्या गिरणीतही घेतल्या. २०२३ च्या दिवाळीनंतर चिलिंग प्लांट वाढवायचं ठरलं. नवीन टाकीला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात. मालकानं बंद पडलेल्या बर्फ कारखान्यातल्या दोन जुन्या अमोनियाच्या टाक्या भंगारवाल्याकडनं उचलल्या. थोरली बारा मिलिमीटर प्लेटची, धाकली दहाची. दोन्हींवर पितळेची पाटी: साल १९७४, दाब १६ किलो, चाचणीचा दाब, नंबर. किमान तापमानाचा रकाना पाटीवर नव्हताच. पोलाद कुठलं, त्याचा कागद नाही. वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून ताण काढले की नाही, त्याचा कागद नाही. दुरुस्ती झाली का, त्याचा कागद नाही.

मी आमच्या सुपरवायझरला विचारलं, "साहेब, या उणे दहाला चालवायच्या. प्लेट कुठली हाय ते कुठं लिवलंय?"

"पन्नास वर्षं चाललीय टाकी. अमोनियावरच चाललीय. तुला काय कळतंय?"

"पन्नास वर्षं चालली ते तुमी बघितलंय का?"

"तू कवी हायस ना? मग कविता कर."

खात्यात हसले सगळे. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी जाणारा नव्हता, कारण टाकीच्या पोटात उतरून आतला तेलकट राडा खरवडायला ज्या चार कंत्राटी माणसांना बोलावणार होते, त्यांत माझा मामा होता. आमच्या आळीतनं गटार साफ करायला, हौद धुवायला, टाकीत उतरायला माणसं जातात, ही काही नवी गोष्ट नाही. भोकातनं आत कुणी जायचं हे गावानं फार आधी ठरवलंय. गिरणीनं फक्त भोकाला मॅनहोल म्हटलं. आणि टाकी एकदा चालू झाली की तिच्या शेजारी बाराही तास उभा राहणारा मी.

"पन्नास वर्षं चाललीय" हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, हेही सांगतो. जुनी टाकी थंडीत चालवायला सुरक्षित आहे का, हे ठरवायची एक शिस्तशीर रीत आहे. ती अमेरिकेत २००० साली एपीआय ५७९ या नावानं छापली गेली, आणि २००७ पासून एएसएमईच्या जोडीनं निघते. तिचा तिसरा भाग याच विषयावर आहे. त्यात तीन पायऱ्या. पहिल्या पायरीला फक्त पोलादाचा गट, जाडी आणि रेषा. टाकी कधीही ज्या सर्वांत थंड अवस्थेत दाबाखाली सापडू शकते ते तापमान एका बाजूला, आणि प्लेट जेवढी थंडी सोसू शकते ते तापमान दुसऱ्या बाजूला. पहिलं दुसऱ्याच्या वर हवं. दुसऱ्या पायरीला सवलती मिळतात: थंडीत दाब कमी असेल तर, प्लेट गरजेपेक्षा जाड असेल तर, उबेत मोठ्या दाबानं चाचणी झाली असेल तर. जुना इतिहासही तिथं धरतात. पण तो नोंदलेला हवा, आणि पुढचं काम मागच्या कामाएवढंच किंवा त्याहून सौम्य हवं. तिसऱ्या पायरीला तडेची लांबी, खोली, ताण यांचं गणित. ते मोठ्या अभ्यासाचं काम.

आमच्या टाक्यांना इतिहास होता, पण नोंद नव्हती. भंगारवाल्याची जीभ म्हणजे नोंद नव्हे.

तपासणीला जे साहेब बाहेरून आले ते उताराकडे झुकलेले, कमी बोलणारे. त्यांनी कागद मागितले. नाहीत म्हटल्यावर वहीत एक ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचली: "पोलाद अज्ञात. सर्वांत वाईट समजून चालू." म्हणजे ए गट.

ती ओळ माझ्या कानात राहिली. माझ्या आज्याकडं जन्माचा दाखला नव्हता. शाळेत घालताना मास्तरानं विचारलं, कधी जन्मला? बाप म्हणाला, पाऊस लागायच्या आधी. मास्तरानं १ जून लिहिला. आमच्या अर्ध्या आळीचा वाढदिवस १ जून. कागद नाही म्हणजे सर्वांत वाईट समजायचं, हा नियम माणसांना लावलेला आम्ही पिढ्यान् पिढ्या बघितला. कचेरीत, चावडीवर, खोली भाड्यानं मागताना. तिथं तो नियम खोटा होता. त्यात माणसाची तपासणी नव्हतीच, निकाल तेवढा होता. लोखंडाला मात्र तो खरा आहे. लोखंडाला अपमान वाटत नाही, आणि चांगलं समजून चाललो तर मरणारा दुसराच असतो. गंमत अशी की, जे लोक माणसाचा दाखला दहादा मागतात, तेच टाकीचा दाखला मागितला की म्हणतात, पन्नास वर्षं चाललीय.

साहेबांनी कामाला लावलं. आधी आतून सफाई. त्याआधी दोन दिवस ब्लोअर लावून हवा खेळवली, पाण्यानं धुतली, आतली हवा मापली. दारात एक माणूस सारखा उभा, आतल्याच्या कमरेला दोर. हे सगळं मामाच्या जन्मात पहिल्यांदा झालं. तो म्हणाला, "भाच्या, आज लग्नाच्या नवऱ्यावानी सोडलं बग मला आत."

मग जाडी मापली. थोरलीची कमीत कमी ११.६ मिलिमीटर. मग वेल्ड घासून चमकवले, लोहचुंबकाची जोखडं लावली, हिरवट चमकणाऱ्या लोहकणांचं पाणी फवारलं आणि काळ्या दिव्याखाली बघितलं. जिथं तड असते तिथं चुंबकाची रेघ तुटते आणि कण गोळा होतात. अंधारात हिरवी रेघ उमटते. दिवा धरायला मी आत होतो.

अमोनियाच्या जुन्या टाक्यांत आतून बघणं का गरजेचं, हेही साहेबांनीच सांगितलं. कोरड्या अमोनियात थोडी हवा मिसळली आणि प्लेटीत वेल्डिंगचा ताण शिल्लक असला, की आतल्या बाजूनं केसासारख्या तडा जातात. म्हणून मोठ्या साठ्यांत अमोनियामध्ये मुद्दाम ०.२ टक्के पाणी मिसळतात. एवढ्याशा पाण्यानं तडा टळतात. भट्टीत ताण काढलेल्या टाकीला हा धोका कमी. आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

थोरली स्वच्छ निघाली. धाकलीत, एका बाजूला, वेल्डच्या सांध्यापासून हातभर दूर, एक हिरवी रेघ. बोटभर लांब. तिथं सांधा नव्हताच. बाहेरून बघितलं तर बरोबर त्याच जागी कुणीतरी नंतर एक कोनपट्टी चिकटवलेली, पाइपाला टेकू म्हणून. कुठल्या तरी फिटरनं सांगितलं म्हणून कुठल्या तरी वेल्डरनं पाच मिनिटांत मारलेला वेल्ड. बाहेरच्या त्या वेल्डनं आतली प्लेट ताणून ठेवली, आणि वर्षानुवर्षं अमोनिया त्या ताणाला चाटत राहिला. ग्राइंडरनं तड उकरत गेलो. दोन मिलिमीटर, तीन, चार. रेघ संपेना. साहेबांनी ग्राइंडर थांबवायला सांगितलं आणि खडूनं टाकीवर मोठी फुली मारली.

ठिसूळ फुटीला तीन गोष्टी एका वेळी लागतात. थंडीनं कडक झालेली प्लेट, तड, आणि ओढ. यातली एक काढून घेतली की उरलेल्या दोघी काही करत नाहीत. धाकलीत तड होती, थंडी येणार होती. उरली ओढ. तेवढ्यावर माणसं उभी करायची नव्हती.

थोरलीचं गणित मला साहेबांनी समजावून दिलं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण हेल्परला गणित समजावणारे साहेब मोजकेच. ए गट, बारा मिलिमीटर: पूर्ण १६ किलो दाब द्यायचा तर धातू शून्य अंशाच्या आसपास किंवा वर हवा. आम्हाला चालवायची उणे दहाला. मग बाद? नाही. कारण उकळता अमोनिया उणे दहाला असताना त्याचा स्वतःचा दाब जेमतेम दोन किलो. १६ च्या आठव्या हिश्श्याला. ओढच एवढी कमी की प्लेट कितीतरी जास्त थंडी सोसते. टाकी बंद करून ठेवली तर दाब वाढतो, पण तो धातूच्या उबेबरोबर वाढतो. ३५ अंशांना साडेबारा किलो, आणि तेव्हा धातूही ३५ अंशांचा. थंडी आणि दाब आपसूक कधी एकत्र येत नाहीत.

एकत्र आणतो तो माणूस. टाकीतला द्रव दुसरीकडं ढकलायला कॉम्प्रेसरमागचा गरम वायू वरून सोडायची सवय सगळीकडं आहे. धातू अजून उणे दहाला, वरून दाब दहा-बारा किलो. किंवा गळतीनं सगळा दाब उतरतो, उरलेला अमोनिया उकळून उकळून उणे ३३ ला पोचतो, टाकीवर पांढरं बर्फ चढतं. आणि घाईत कुणीतरी व्हॉल्व्ह उघडून पुन्हा दाब भरतो. काटा दोन्ही वेळा लाल रेघेच्या अलीकडंच. म्हणून साहेबांनी लिहून दिलं: धातू शून्याखाली असताना दाब पाच किलोच्या वर न्यायचा नाही. न्यायचाच तर आधी धातू पंधरा अंशांच्या वर येऊ द्यायचा. टाकीच्या अंगाला तापमापक लावायचा, आणि त्याचा आकडा दर तासाला दाबाच्या शेजारी लिहायचा.

पाण्याच्या चाचणीलाही तोच न्याय. चाचणीत दाब नेहमीपेक्षा जास्त असतो, म्हणून धातू त्याच्या किमान तापमानापेक्षा सतरा अंशांनी तरी उबदार हवा. जानेवारीतली पहाट, हौदातलं पाणी हाताला लागत होतं. साहेबांनी बॉयलरचं गरम कंडेन्सेट मिसळून पाणी कोमट करून घेतलं. सुपरवायझर म्हणाला, "टाकीला आंघोळ घालताय व्हय?" पण १९६५ साली इंग्लंडमध्ये अमोनियाच्याच कारखान्यासाठी बांधलेली जवळपास दीडशे मिलिमीटर जाडीची टाकी अशाच पाण्याच्या चाचणीत फुटली होती. दोन टनांचा तुकडा ४६ मीटर लांब जाऊन पडला. जाड म्हणजे मजबूत, हे लोखंडाच्या बाबतीत थंडीत उलटं होतं.

थोरली चाचणीत टिकली. मग भांडण झालं पाटीवरून. सूचना इंग्रजीत टाइप करून साहेबाच्या फायलीत लागल्या. मी म्हटलं, व्हॉल्व्हवर हात ऑपरेटरचा असतो, फायलीचा नव्हे. मराठीत पाटी लिहा, हिंदीतही लिहा, नाइट शिफ्टला बिहारची पोरं असतात. उत्तर आलं: "पाटी लावली म्हणजे धोका हाय असं दिसतं. बाहेरचे लोक बघतात."

तेव्हा मी त्यांना लॉन्गफर्ड सांगितलं, तुम्हालाही सांगतो. २५ सप्टेंबर १९९८, ऑस्ट्रेलियाचं व्हिक्टोरिया राज्य, एस्सो कंपनीचा गॅस कारखाना. गरम तेल फिरवणारे पंप बंद पडले आणि काही तास बंद राहिले. एरवी शंभर अंशांच्या आसपास असणारा एक उष्णता-विनिमयक उणे ४८ ला गेला. बाहेरून बर्फ चढलं. लोकांनी बर्फ डोळ्यांनी बघितलं. पण त्या बर्फाचा अर्थ त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. पंप चालू झाले, गरम तेल थंड धातूत शिरलं, आणि तो फुटला. दोन मेले, आठ जखमी झाले, राज्याचा गॅस दोन आठवड्यांहून जास्त दिवस बंद. आणि कंपनीनं चौकशीत काय सांगितलं? दोष कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरचा, आम्ही त्याला शिकवलं होतं. रॉयल कमिशननं ते मानलं नाही. शिकवलंच नव्हतं, असं सांगितलं. धोक्यांची जी रीतसर तपासणी व्हायला हवी होती, ती त्या जुन्या प्लांटची कधी झाली नव्हती. इंजिनिअरांना १९९२ सालीच तिथून मेलबर्नला हलवलेलं. २००१ साली कंपनीला वीस लाख डॉलर दंड झाला.

सात समुद्रापलीकडची गोष्ट, पण साहेबाची जीभ तीच: तुला काय कळतंय, आणि फुटल्यावर, तुलाच कळायला हवं होतं.

पाटी लागली. पत्र्यावर, पिवळ्या रंगात, मी स्वतः रंगवली: आधी ऊब, मग दाब. खाली आकडे. थोरली चालू आहे. दर तासाला दोन आकडे लिहितो, दाब आणि धातूचं तापमान. मामा आता टाकीत उतरताना दोर मागून घेतो. आधी मागायची लाज वाटायची त्याला.

आता कारण. धाकलीवर खडूची फुली होती. आम्ही चौघांनी लेखी अर्ज दिला की, टाकी गॅस कटरनं दोन तुकडे करूनच बाहेर काढा. कापली तर भंगाराचा भाव, आख्खी विकली तर टाकीचा भाव. हा फरक आम्हालाही कळतो. अर्जाला उत्तर आलं नाही. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रात्रपाळीनंतर सकाळी शेडमध्ये तिची जागा रिकामी होती. जमिनीवर ट्रकच्या चाकांचे वळ, आणि चौकीदाराच्या तोंडाला कुलूप. पाटी तिच्यावरच होती. साल १९७४, १६ किलो. खडू पाण्यानं जातो.

ती आता कुठं आहे मला माहीत नाही. बर्फाच्या कारखान्यात, कोल्ड स्टोरेजमध्ये, दुधाच्या डेअरीत, मासळीच्या धक्क्यावर, अमोनिया जिथं जिथं आहे तिथं ती असू शकते. म्हणून हे पान. तुमच्यापैकी जो कुणी तिथं हेल्पर असेल, ऑपरेटर असेल, टाकी धुणारा असेल, त्यानं बघावं. आडवी टाकी, दहा मिलिमीटर प्लेट, एका बाजूला मॅनहोल. मॅनहोलकडं तोंड करून उभं राहिलं तर डाव्या अंगाला, वेल्डच्या सांध्यापासून हातभर दूर, कोनपट्टी कापून काढल्याची खूण. आत त्याच जागी ग्राइंडरनं उकरलेली वाटीसारखी खळगी, चार मिलिमीटर खोल. ती खळगी कुणी वेल्डनं भरून घासून गुळगुळीत केली असेल, तर जास्तच जपा.

सापडली तर तिच्यावर हातोडा मारू नका, तिच्या आत उतरू नका, तिच्यात दाब भरू देऊ नका. दाखला मागा. पोलादाचा, तपासणीचा, चाचणीचा, आणि सर्वांत कमी तापमान किती त्याचा. हसतील. हसू द्या. मग या अंकावरच्या पत्त्यावर कार्ड टाका. मी रजा टाकून येईन, आणि येताना खडू नाही, ऑइल पेंट आणीन.